समाधानकारक

चाकणच्या कंपनीतून राजीनामा देऊन निघाले तेव्हा एचआरने एक पानाचं पत्र हातात ठेवलं. लेटरहेड, गोल शिक्का, सही. अमुक तारखेपासून तमुक तारखेपर्यंत या क्वालिटी विभागात सीनियर इंजिनिअर होत्या, एवढं सांगून झाल्यावर शेवटी एक ओळ : या काळात त्यांचं काम आणि वर्तन समाधानकारक होतं, पुढील वाटचालीस शुभेच्छा. ती ओळ मी नीट वाचलीसुद्धा नव्हती. आपल्याकडे ती कोण वाचतं? शाळा सोडल्याच्या दाखल्यावर ‘वर्तणूक चांगली’ असतं, त्यातलाच प्रकार. पत्र प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये गेलं, फोल्डर बॅगेत गेला आणि ऑक्टोबर २०२२ मध्ये माझ्याबरोबर श्टुटगार्टला आला. पुढे दीड-पावणेदोन वर्षं त्या एका शब्दाने माझी वाट अडवली असावी, हे कळलं तोवर मी शेकडा ओलांडून अर्ज करून बसले होते.

नवरा सहा महिने आधीच ब्लू कार्डवर, म्हणजे उच्चशिक्षित परदेशी नोकरदारांच्या परवान्यावर, आला होता. ब्लू कार्डवाल्याच्या बायकोला इथे नोकरीची पूर्ण मुभा असते. माझ्या कार्डावर तसं छापलेलंच होतं. ते कार्ड मी आईला व्हिडिओ कॉलवर दाखवलं. आई म्हणाली, “म्हणजे नोकरी लागली?” मी म्हटलं, “नाही गं, लागली तर करायला हरकत नाही असं लिहिलंय.” आई म्हणाली, “हरकत तर इथंही कुणाची नव्हती.”

पहिले दोन महिने कागदांचे. नव्या घरात राहायला गेलं की दोन आठवड्यांच्या आत नगरपालिकेच्या ब्युर्गरब्युरोत जाऊन पत्ता नोंदवायचा, त्याला आनमेल्डुंग म्हणतात. त्यासाठी घरमालकाची सही असलेला वेगळा कागद लागतो, नुसता भाडेकरार चालत नाही. पत्ता नोंदवला की काही आठवड्यांनी अकरा आकडी कर-क्रमांक टपालाने येतो. टपाल यायचं तर टपालपेटीवर नाव हवं. फ्लॅट क्रमांक, मजला असं पत्त्यात काही नसतं; पोस्टमन फक्त आडनाव बघतो. आमच्या पेटीवर आठवडाभर नाव नव्हतं, तेवढ्यात दोन पत्रं परत गेली. माझं आडनाव ‘ज’ने सुरू होतं आणि जर्मन माणूस रोमन जे दिसला की ‘य’ म्हणतो, त्यामुळे पेटीवर नाव चिकटवलं त्या दिवसापासून मी ‘फ्राऊ य’ झाले. आधी दुरुस्त करायचे. मग सोडून दिलं, आणि एकदा फोनवर मीच स्वतःचं नाव ‘य’ने सांगितलं तेव्हा जरा दचकले.

श्टुटगार्ट म्हणजे डोंगरांच्या मधली एक वाटी. मोटारींच्या कंपन्यांचं शहर म्हणून आम्हाला ते इंजिनिअरिंगला असल्यापासून ठाऊक. मुंबईशी १९६८ पासून भगिनी-शहराचं नातं आहे, त्यात आमच्या भोसरीचा वाटा काही नाही. वाटीच्या कडेवर चढायला जुन्या दगडी पायऱ्यांच्या वाटा आहेत, चारशेहून अधिक. त्यांना ‘श्टेफले’ म्हणतात. आम्ही दक्षिणेकडे मारीनप्लाट्झजवळ राहतो. तिथून वर डेगरलोखला दातेरी रुळांवरची एक पिवळी गाडी जाते. चढताना ती सायकलींचा एक उघडा डबा पुढे ढकलत नेते. पहिल्या हिवाळ्यात, काहीच करायला नसायचं तेव्हा, मी तिकीट काढून नुसती वर-खाली करायचे. दुपारी साडेचारला अंधार पडायचा. त्याबद्दल सगळेच लिहितात, मी लिहीत नाही.

लिहायचं आहे ते पाटीबद्दल. डिसेंबरातल्या एका सोमवारी आमच्या दाराच्या मुठीला एक पुठ्ठ्याची पाटी लटकलेली दिसली. तिच्यावर एकच शब्द : ‘केअरवोखं’, म्हणजे झाडण्याचा आठवडा. श्वाबेन भागातली ही जुनी रीत. त्या आठवड्यात आपल्या मजल्यासमोरचा जिना आपण स्वच्छ करायचा, आणि आठवडा संपला की पाटी शेजारच्या दारावर नेऊन टांगायची. ही झाली छोटी. मोठी पाळी वेगळी. तिच्यात तळघर, दर्शनी दार, समोरचा फुटपाथ आणि बर्फ पडला तर तो ढकलणंही येतं. नवऱ्याला वाटलं पाटी जाहिरातीची आहे, तो ती कचऱ्यात टाकणार होता.

मी उत्साहाने कामाला लागले. चाकणला दर शनिवारी फाइव्ह एसचं, म्हणजे कामाच्या जागेच्या स्वच्छता-टापटिपीचं, ऑडिट मी घ्यायचे. लाइनवर तेलाचा थेंब दिसला तर फोटो काढून सुपरवायझरला पाठवणारी बाई मी. बादली आणली, दहा मिनिटांत जिना पुसला, पाटी समोरच्या दारावर टांगली आणि हात धुतले. संध्याकाळी पाटी पुन्हा आमच्या दारावर.

खालच्या मजल्यावर एक आजी राहतात, वय ऐंशीच्या पुढे. पाटी त्यांनीच परत आणली होती. दुसऱ्या दिवशी त्या वर आल्या आणि श्वाबिश बोलीत काहीतरी बोलल्या. मला त्यातलं एक अक्षर कळेना. तेव्हा त्यांनी माझं मनगट धरलं, पायरी जिथे भिंतीला मिळते त्या कोपऱ्यात माझंच बोट फिरवलं आणि ते माझ्यासमोर धरलं. राखाडी. मग क्रम दाखवला : आधी कोरडा ब्रश कोपऱ्यांतून, मग कठडा, मग खिडकीची पट्टी, शेवटी ओलं फडकं. पुसायचंही खालून वर नाही, वरून खाली, आणि मागे सरकत. त्या उभ्या राहिल्या आणि मी दुसऱ्यांदा जिना पुसला. झाल्यावर त्यांनी पाहिलं आणि काही न बोलता खाली गेल्या. मी समजले, रागावल्या.

नंतर कधीतरी, थोडी भाषा आल्यावर, मी त्यांना विचारलं की त्या दिवशी बरोबर झालं होतं का. त्यांनी एक म्हण सांगितली. ती इथे सगळ्यांना येते. बोलणी खावी लागली नाहीत, म्हणजे कौतुक झालं. ‘नाही रागावलो, तेच पुरे.’ मला आमचे चाकणचे सर आठवले. त्यांची जात हीच, फक्त बोली पिंपरी-चिंचवडची.

भाषा मी शून्यापासून शिकले. सरकारी एकात्मता-कोर्स एकूण ७०० तासांचा असतो. त्यातले ६०० भाषेचे आणि १०० जर्मनीचा इतिहास, कायदा, समाज यांचे. शेवटी ३३ प्रश्नांची बहुपर्यायी परीक्षा. आमच्या वर्गात युक्रेनहून आलेल्या सहा बायका होत्या, एक सीरियन दंतवैद्य, एक ब्राझीलचा स्वयंपाकी आणि मी. युक्रेनच्या बायकांमधली एक हिशेबनीस होती. तिचा नवरा तिकडे राहिला होता. मधल्या सुट्टीत ती फोन हातात घेऊन जिन्यात बसायची. तिच्यापुढे आपल्या नोकरीच्या चिंतेची लाज वाटायची. ती मात्र मला म्हणायची, “तू अर्ज कर, मला वाचून दाखव, मी चुका काढते.” दोघींचंही जर्मन तेव्हा सारखंच मोडकं होतं. पण ती चुका काढायचीच.

क्लासनंतर मी माइलँडर प्लाट्झच्या ग्रंथालयात जाऊन बसायचे. बाहेरून करडा चौकोनी ठोकळा, आत सगळं पांढरंशुभ्र, मजल्यावर मजले, मधली जागा मोकळी. तिथे फुकट बसता येतं, शौचालय स्वच्छ असतं आणि हीटर चालू असतो. नव्या माणसाला शहरात एवढं एक ठिकाण मिळालं की बरंच निभतं. घरून डबा नेऊन गुपचूप थेपले खायचे. एकदा तिथल्या बाईने पाहिलं, पण काही बोलली नाही. म्हणीप्रमाणे कौतुकच.

वर्गातलं जर्मन आणि रस्त्यावरचं जर्मन यांचा फारसा संबंध नाही, हे मला बेकरीत कळलं. २०२३ च्या उन्हाळ्यात मी एका बेकरीत मिनीजॉब धरला. तेव्हा मिनीजॉबची मर्यादा महिन्याला ५२० युरो होती. तेवढ्यावर आपल्या हातात येताना जवळजवळ काही कापलं जात नाही. खाद्यपदार्थ हाताळायचे म्हणून आधी आरोग्य खात्याकडून सूचना-वर्ग करून दाखला आणायला लागला. उलटी-जुलाब असताना कामावर यायचं नाही, इत्यादी. जर्मनीने मला दिलेलं पहिलं प्रमाणपत्र ते. हसू नका, मी त्याची झेरॉक्स काढून ठेवली.

पहाटे साडेचारला उठायचं, पहिल्या गाडीने जायचं. पहिल्याच दिवशी गिऱ्हाइकाला मी पुस्तकी शब्द वापरून पाव दिला, तर मालकीण म्हणाली, “इथे त्याला वेकले म्हणायचं.” या भागात सगळ्या गोष्टींना ‘ले’ लागतं, आपल्याकडे लाडाने ‘डी’, ‘कुली’ लागतं तसं. वेकले, श्टेफले, बिस्ले. रविवारी सकाळी दुकानं बंद पण बेकऱ्या काही तास उघड्या, त्यामुळे रांग दाराबाहेर. लोणी लावलेल्या ब्रेत्सेलची, म्हणजे पिळदार खाऱ्या पावाची, मागणी सर्वांत जास्त. त्या रांगेने मला जितकं बोलायला शिकवलं तितकं ६०० तासांनी नाही. रांगेतला माणूस तुमचं व्याकरण संपेपर्यंत थांबत नाही.

आईला हे सांगितलं नव्हतं. बहिणीने सांगितलं. आईचा फोन आला, “बीई करून पाव विकतेस?”

“ब्रेत्सेल पण विकते.”

“चेष्टा करू नको. बाबांना काय सांगू?”

“सांग, सकाळची शिफ्ट आहे.”

ते खोटं नव्हतं. बाबांनी टेल्कोत तीस वर्षं शिफ्टच केली होती. त्यांनी पुढे काही विचारलं नाही.

अर्ज मात्र चालूच होते. इथल्या अर्जाची एक ठरीव मांडणी असते : एका पानाचं पत्र, मग लेबन्सलाउफ म्हणजे जीवनक्रम, मग शाळेपासूनची सगळी प्रमाणपत्रं आणि आधीच्या नोकऱ्यांची पत्रं, हे सगळं एकाच पीडीएफमध्ये. जीवनक्रमात एखादा महिना जरी मोकळा सुटला तरी तो डोळ्यांत खुपतो. मी बाळंतपणासाठी घेतलेली रजासुद्धा तारखांसकट लिहिली. फोटो लावायची सक्ती कंपनीला करता येत नाही, कायदाच आहे तसा २००६ पासून. तरी बरेच जण लावतात. मीही लावला, साडीतला नाही. स्वतःला ‘इंगेनिअर’ म्हणवतानासुद्धा जपायला लागतं, कारण ती उपाधी इथे कायद्याने राखलेली आहे. परदेशी पदवी असेल तर आधी मान्यता घ्या, मग नावापुढे लावा. चाकणला चहावाला पोऱ्यासुद्धा मला इंजिनिअर मॅडम म्हणायचा.

नकाराच्या मेलची गंमत अशी की तो उघडावा लागत नाही. पहिल्या दोन ओळींत ‘लायडर’ हा शब्द दिसतो. लायडर म्हणजे ‘खेद आहे’. मोबाइलच्या पडद्यावर सूचना येते तिच्यातच तो अर्धवट दिसायचा, ‘लाय…’, आणि मी बोटाने बाजूला सारायचे. २०२४ उजाडलं तशी या भागातल्या मोटार-उद्योगाची हवा बिघडत गेली. विजेच्या गाड्यांकडे जायचा खर्च, मंदावलेली मागणी, मोठमोठ्या पुरवठादारांच्या नोकरकपातीच्या बातम्या. रोज सकाळी गाडीत लोकांच्या हातातल्या वर्तमानपत्रावर तेच. ज्या गावी लोक लोहार शोधत यायचे तिथे भट्ट्या विझायला लागल्या आणि मी नेमकी हातोडा घेऊन पोचले होते. नवऱ्याच्या क्षेत्रात इंग्रजीवर भागतं. कारखान्याच्या मजल्यावर नाही. तिथे ऑपरेटर, माइस्टर म्हणजे फोरमन, गाळ्यातला प्रत्येक माणूस जर्मन नाहीतर श्वाबिशच बोलतो, आणि क्वालिटीवाल्याचं निम्मं काम म्हणजे त्यांच्याशी भांडणं.

मे महिन्यात मी शहरातल्या एका सल्ला-केंद्रात फाइल घेऊन गेले. समोर पन्नाशीच्या बाई होत्या. त्यांनी माझं पत्र वाचलं, जीवनक्रम वाचला, मान डोलावली. मग अनुभव-पत्राच्या जर्मन भाषांतरावर आल्या आणि थांबल्या. चष्मा काढला.

“तुमचं या कंपनीशी भांडण झालं होतं का?”

“नाही.”

“काही चूक? चौकशी?”

“नाही. का?”

त्यांनी पेन्सिलीने एका शब्दाखाली रेघ मारली. समाधानकारक.

इथे त्यांनी मला जे सांगितलं त्याने मी खुर्चीत ताठ बसले. जर्मनीत नोकरी सोडणाऱ्या प्रत्येकाला मालकाकडून त्सॉयग्निस, म्हणजे कामाचं प्रशस्तिपत्र, मागायचा कायदेशीर हक्क आहे. ते पत्र खरं असलं पाहिजे, आणि कामगाराच्या पुढच्या वाटेत काटे पेरणारंही नसलं पाहिजे. आता एखाद्या कामचुकाराबद्दल खरंही लिहायचं आणि वाईटही लिहायचं नाही, हे कसं जमणार? त्यातून वर्षानुवर्षांत एक सांकेतिक भाषाच तयार झाली. ‘त्यांनी सोपवलेली कामं कायम आमच्या पूर्णतम समाधानास उतरेल अशी केली’, हा पहिला नंबर. ‘कायम पूर्ण समाधानास’, हा दुसरा. ‘कायम’ गेलं की तिसरा. ‘पूर्ण’ही गेलं आणि नुसतं ‘समाधान’ उरलं की चौथा, म्हणजे काठावर पास. आणि ‘त्यांनी प्रयत्न केले’ असं लिहिलं असेल तर समजावं, माणूस नापास. ‘वक्तशीर होते’ एवढंच ठळक लिहिलं असेल तर सांगण्यासारखं दुसरं काही नव्हतं. ‘मिळूनमिसळून राहणारे’ म्हणजे कदाचित बाटलीशीही मैत्री असावी. शेवटी आभार, ते गेल्याचा खेद आणि शुभेच्छा, तिन्ही हवेत. खेद नसला तर वाचणारा विचार करतो की गेल्याचा आनंदच झाला असणार.

‘पूर्णतम’ हा शब्द व्याकरणात बसत नाही, हेही त्या बाईंनीच सांगितलं. पूर्ण म्हणजे पूर्ण, त्याच्यावर काय असणार? पण सगळ्यांना पूर्ण मिळायला लागल्यावर चांगल्याला आणखी काहीतरी द्यायला लागलं. मला हे फार आवडलं. ज्या मुलखात न रागावणं हेच कौतुक, तिथे कागदावर मात्र पूर्णाच्याही वर एक पायरी.

भाषांतर करणाऱ्याचा दोष नव्हता. तो न्यायालयाचा शपथबद्ध भाषांतरकार, ओळीवर पैसे घेणारा. त्याने शब्दाला शब्द ठेवला होता. आमच्या एचआरचाही नव्हता. पुणे जिल्ह्यातून निघालेलं एक सरळ वाक्य श्टुटगार्टला पोचेपर्यंत चौथ्या नंबरचं झालं होतं, आणि ते मी स्वतःच्या हाताने शंभरावर कंपन्यांना पाठवलं होतं. फक्त त्यामुळेच नकार आले असं मी म्हणणार नाही. भाषा कच्ची होती, बाजार पडलेला होता. पण फाइल उघडणाऱ्या माणसाच्या मनात ‘हिचं काहीतरी झालेलं दिसतंय’ असं येत असणार, हा विचार मला दोन रात्री झोपू देईना.

चाकणला फोन लावला. एचआरने सांगितलं, फॉरमॅट हेड ऑफिसचा आहे, बदलता येत नाही. मग सरांना.

“सर, एक पत्र हवं होतं.”

“एक्स्पीरियन्स लेटर दिलंय ना तुला?”

“दिलंय. त्यात समाधानकारक लिहिलंय.”

“मग? होतंच की.”

मी सगळं समजावून सांगितलं. पलीकडे प्रेस चालल्याचा आवाज येत होता. बराच वेळ नुसता तोच आवाज. मग सर हसायला लागले.

“म्हणजे तू इथं असताना मी सात वर्षांत कधी गुड म्हटलं नाही, आणि आता पूर्णतम लिहू?”

“एकदा म्हणाला होतात, सर. दिवाळीच्या आदल्या दिवशी.”

“ते सगळ्या लाइनला म्हटलं होतं.”

पण लिहिलं त्यांनी. विभागप्रमुख म्हणून, लेटरहेडवर, दीड पान. काय काय केलं त्याची यादी : पुरवठादारांची ऑडिट्स, कस्टमर तक्रारींचे एटडी रिपोर्ट, नव्या पार्टचं पीपॅप म्हणजे कस्टमरच्या मंजुरीची फाइल, जर्मन कस्टमरच्या व्हीडीए ६.३ प्रोसेस ऑडिटची तयारी. ते ऑडिट मला चांगलं आठवतं. तीन दिवस जर्मन ऑडिटर आमच्या शेडमध्ये फिरत होता, आणि तिसऱ्या दिवशी जेवताना त्याने मिसळ खाऊन दोन ग्लास ताक मागितलं होतं. सरांनी मसुदा मला व्हॉट्सॲपवर पाठवला आणि खाली विचारलं : ‘शेवटी खेद वाटतो असं लिहायचं म्हणतेस. खेद झालाच होता, पण लेटरहेडवर लिहायचं का?’ मी नुसतं ‘हो सर’ लिहिलं. फोन उलटा करून ठेवला आणि भांडी घासायला गेले.

नव्या पत्रानिशी केलेले अर्ज थोडेच. एकूण आकडा ११७ वर थांबला. त्यातल्या एका कंपनीने मुलाखतीनंतर एक दिवस प्रत्यक्ष काम करून दाखवायला बोलावलं. एस्सलिंगनच्या बाजूला, एस१ गाडीने जायचं. साठ-पासष्ट माणसांचा कारखाना. टर्निंग आणि ग्राइंडिंगचे छोटे पार्ट. आत पाऊल टाकलं आणि कूलंटचा वास आला. तो आंबूस, तेलकट वास भोसरी एमआयडीसीतला आणि इथला अगदी एकच. दोन वर्षांनी प्रथमच मला आपण कुठे आहोत ते न विचारता कळलं.

माइस्टरने टेबलावर पाच पार्ट ठेवले, शेजारी ड्रॉइंग, व्हर्नियर, मायक्रोमीटर. “बघा,” एवढंच. ड्रॉइंगच्या कोपऱ्यात छापलं होतं ‘ग्राटफ्राय’. हा शब्द मला कोर्सने शिकवला नव्हता. जर्मन कस्टमरच्या ड्रॉइंगवर तो चाकणमध्ये रोज दिसायचा. अर्थ माहीत, भाषा कुठली याचा विचार कधी केला नव्हता. बर, म्हणजे कापलेल्या कडेवर उरलेला धातूचा खरखरीत काठ, नको. ग्राट म्हणजे बर. म्हणजे माझ्या आयुष्यातला पहिला जर्मन शब्द ‘गुटन टाग’ नव्हताच. मी पहिल्या पार्टच्या आतल्या कडेवरून नख फिरवलं, आजींनी पायरीच्या कोपऱ्यातून बोट फिरवलं होतं तसं, आणि म्हटलं, “ग्राट.” दुसऱ्याचा व्यास बाहेर होता. तिसऱ्यावर टूलचा चटका. चौथ्याचा चॅम्फर, म्हणजे तिरकी कापलेली कड, कमी. पाचव्याला मात्र काहीच सापडेना. वीस मिनिटं मोजत बसले. चुकीचं काही सांगावं की गप्प राहावं? शेवटी म्हटलं, हा बरोबर आहे. माइस्टर म्हणाला, “हं.”

नोकरी मिळाली ती तपासणीस म्हणून. सीनियर इंजिनिअरच्या दोन पायऱ्या खाली. मी घेतली, आणि ती घेताना मला बरं वाटलं नाही, हेही सांगून टाकते. ऑक्टोबर २०२४. पहिल्या पगाराची स्लिप पाहून मी लेखा विभागात जाणार होते, तर नवऱ्याने सांगितलं की आपण तीन-पाच कर-वर्ग घेतलाय, त्यात कमी पगाराच्या जोडीदाराचा जास्त कापला जातो. हे त्याने दोन वर्षांपूर्वी मी कमावत नसताना निवडलं होतं, तेव्हा ते बरोबरच होतं. आम्ही बदलून चार-चार केलं. त्यावर घरात जे संभाषण झालं ते इथे देत नाही.

सहा महिने प्रोबेत्साइट, म्हणजे चाचणीचा काळ. या काळात दोघांपैकी कुणीही दोन आठवड्यांची सूचना देऊन सुटू शकतं. मी रोज कुणी काही बोलेल याची वाट बघायचे. माइस्टर यायचा, माझ्या नोंदी बघायचा, जायचा. एकदा मी एक अख्खी लॉट अडवली. त्याने पार्ट उचलला, खिडकीशी नेला, परत आणून लाल पेटीत टाकला. बस. मार्चअखेर सहा महिने पुरे झाले त्या दिवशी मी नवा टॉप घालून गेले. कुणी पत्र देईल, बोलावून सांगेल. दुपार झाली. शेवटी शेजारच्या टेबलावरच्या सहकाऱ्याला विचारलं, “आज माझा प्रोबेत्साइट संपला. कुणी काही सांगतात का?”

त्याने डबा बंद केला. “कुणी काही बोललं का?”

“नाही.”

“मग झालं की.”

घरी आले तर दाराच्या मुठीला पाटी लटकत होती. मी टॉप बदलला, ब्रश घेतला आणि वरच्या पायरीच्या कोपऱ्यापासून सुरुवात केली. खालचं दार किलकिलं झालं होतं.